दुधाचे मुखत्यार

महाभारतातील युद्धाचे खापर शकुनीच्या फाशांवर फोडण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी असली, तरी आदिपर्वाचे दफ्तर जरा मागे उलगडून पाहिले असता त्या अनर्थाच्या मुळाशी दुधाची एक वाटी होती असे दिसून येते. द्रोणाचार्यांच्या घरी गाय नव्हती. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानग्या अश्वत्थाम्याने हट्ट धरला, तेव्हा सवंगड्यांनी पाण्यात पीठ कालवून ते पांढरे पाणी त्याला प्यावयास दिले, आणि ते पिऊन 'मी दूध प्यालो' म्हणत तो पोर आनंदाने नाचू लागला. मुलाची ती फजिती पाहून व्यथित झालेले द्रोण आपल्या बालमित्राच्या, द्रुपदाच्या दारी गेले, तेथे अपमान पावले, त्या अपमानाचा त्यांनी सूड घेतला, त्या सूडाची परतफेड करण्यासाठी द्रुपदाने यज्ञ केला, त्या यज्ञातून धृष्टद्युम्न आणि द्रौपदी ही भावंडे निघाली, आणि पुढचे सर्वांना विदितच आहे. व्यासांनी त्या पांढऱ्या पाण्याला 'पिष्टोदक' म्हटले आहे. आज तेच पिष्टोदक ओट नावाच्या विलायती धान्यापासून काढून, पुठ्ठ्याच्या देखण्या खोक्यात भरून, म्हशीच्या दुधाच्या कितीतरी पट भावाने विकले जाते. आणि काळाचा महिमा असा की, ते पिऊन नाचणारी मुले आता श्रीमंतांची असून, साधे दूध पिण्याची पाळी आमच्यासारख्या पेन्शनरांवर आली आहे.

त्याच महाभारतात, पुढे अनुशासनपर्वात, उपमन्यू नावाचा दुसरा एक मुलगा आहे. त्याच्याही आईने दारिद्र्यापायी पाण्यात पीठ कालवून दूध म्हणून त्याच्यापुढे ठेवले. पण हा मुलगा एकदा नातलगांच्या यज्ञाला जाऊन गाईच्या अस्सल दुधाची चव घेऊन आलेला असल्यामुळे त्याने पहिल्याच घोटाला 'आई, हे दूध नव्हे' असा निकाल दिला, आणि तो तपश्चर्येला जाऊन बसला तो शंकराकडून थेट क्षीरसागर पदरात पाडून घेऊनच उठला. मनुष्यजातीचे हे दोन सनातन पक्ष आहेत. एकाला पांढरे दिसले की पुरते. दुसऱ्याला क्षीरसागराखाली तडजोड मान्य नाही. आमच्या घरात या दोन पक्षांमध्ये सध्या जे काही चालू आहे, त्याला युद्ध म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु शांतता म्हणणेही धाडसाचे होईल.

वास्तविक एका द्रव्याच्या जागी दुसरे द्रव्य नेमून कार्य तडीस नेण्याची कला आपल्याला परकी नाही. पूर्वमीमांसेच्या आचार्यांनी यज्ञातील प्रतिनिधी या विषयावर जैमिनीच्या सूत्रांत एक सबंध पाद खर्ची घातला आहे. व्रीही न मिळाले तर नीवार घ्यावेत, सोमवल्ली न मिळाली तर पूतीक नावाची वनस्पती कुटावी, परंतु देवता, अग्नी आणि मंत्र यांना मात्र प्रतिनिधी चालत नाही, असा त्यांचा साधारण दंडक आहे. इतक्या सूक्ष्म विचाराचे ओझे ज्यांना पेलले नाही अशा आपल्यासारख्या गृहस्थांनी मूठभर अक्षतांवर सर्व कारभार सोपवून दिला. वस्त्र नाही? 'वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि.' दागिने नाहीत? 'अलंकारार्थे अक्षतान् समर्पयामि.' ज्या देवाने पिढ्यान्‌पिढ्या तांदळाच्या चार दाण्यांना पीतांबर, यज्ञोपवीत आणि रत्नजडित मुकुट मानून घेतले, त्याच्या भक्तांनी सोयाबीनच्या पनीरकडे पाहून नाक मुरडावे, हे तर्काला धरून नाही.

हा तर्क मी आमच्या सौ.पुढे मांडला तेव्हा तिने तो ऐकून घेतला नाही, असे म्हणता येणार नाही. तिने तो ऐकून घेतला आणि दूध उतू जाते आहे असे सांगून ती आत गेली.

निमित्त झाले ते आमच्या पुतणीचे. बंगळूरची नोकरी बदलून चि. मुक्ता पुण्यास आली आणि स्वतःचे बिऱ्हाड थाटीपर्यंत आमच्याकडे राहिली. पहिल्याच रात्री पानावर बसताना तिने अतिशय सौम्य आवाजात जाहीर केले, "काकू, मी दूध, दही, तूप काही घेत नाही हं. मधसुद्धा नाही. प्राण्यांकडून आलेलं काहीच नाही." १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन नावाच्या शिक्षकाने चार समविचारी मंडळी जमवून ज्या व्हीगन पंथाची रीतसर संस्था स्थापिली, त्या पंथाचे आमच्या सदाशिव पेठेत हे पहिलेच पाऊल. सौ.च्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव उमटला तो रागाचा नव्हता, तो धर्मसंकटाचा होता. तिच्या हिशेबी सर्व काही सोडल्यावर जे उरते ते दूध. चातुर्मासात धान्य सुटते, एकादशीला भात सुटतो, कडक व्रतात मीठ सुटते, आणि वैराग्याची परिसीमा झाली की माणूस 'नुसत्या दुधावर' राहतो. येथे तर त्यागाची शिडी उलट बाजूने लावलेली! दूध वर्ज्य, आणि कांदा, लसूण, वांगे यांना मात्र चातुर्मासातही मुक्तद्वार. "अगं, मग देवाला नैवेद्य कशाचा दाखवतेस?" असे तिने विचारले, तेव्हा मुक्ता म्हणाली, "काकू, देवाने कुठं सांगितलंय दूधच हवं म्हणून?" या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि ज्या प्रश्नांना उत्तर नसते त्यांचा राग अधिक येतो.

मराठी स्वयंपाकघर ही एक जुन्या चालीची कचेरी आहे, आणि तीत दुधाच्या घराण्याकडे वंशपरंपरेने वतने चालत आलेली आहेत. दूध हे घराण्याचे मूळ पुरुष. त्याच्याकडे चहा, खीर आणि आजारी माणसे ही खाती. दह्याकडे कोशिंबिरी, ताकाकडे कढी, मठ्ठा आणि जेवणाचा शेवट, चक्क्याकडे सणवार, खव्याकडे पंक्ती. आणि तुपाकडे तर या सर्वांहून वरचा अधिकार, म्हणजे मोर्तब. साधा वरणभात घ्या. डाळ शिजली, हिंग-हळद पडली, मीठ बेताचे झाले, लिंबाची फोड आली, तरी वरून तुपाची धार पडेपर्यंत तो कागद कच्चाच असतो. आता या एवढ्या वतनदारांना एका सकाळी बडतर्फ करून त्यांच्या जागी काजू, बदाम, सोयाबीन, भुईमूग आणि नारळ असे उमेदवार हंगामी नेमावयाचे, म्हणजे कामाचा खोळंबा व्हावयाचाच.

पहिला खोळंबा चहात झाला. बदामाच्या दुधाने उकळत्या चहात पाऊल टाकताक्षणीच राजीनामा दिला. त्याची कणी वर तरंगली आणि पाणी खाली राहिले. म्हशीच्या दुधातील केसीन नावाचे प्रथिन उकळीला दाद देत नाही, पण बदामाची प्रथिने तितक्या कणखर बांध्याची नसतात, आणि चहाच्या अंगची थोडीशी आम्लताही त्यांना सोसत नाही. सोयाबीनचे दूध टिकले. परंतु त्या दाण्याला गार पाण्यात वाटले म्हणजे त्यातले एक विकर जागे होऊन कच्च्या शेंगेचा जो दर्प सोडते, तो आल्याला आणि वेलदोड्याला पुरून उरला. दाणे उकळत्या पाण्यातच वाटावेत म्हणजे ते विकर जागे होण्यापूर्वीच गतप्राण होते, ही युक्ती मुक्ताला ठाऊक होती. पण दर्प कमी झाल्यावरही चहा पिताना कोणीतरी शेजारी बसून वाटाणे सोलीत आहे असा भास मला होतच राहिला. काजूचे दूध आचेवर दाट होत गेले आणि चहाची बासुंदी झाली. राहता राहिले ओट. त्याचा चहा रंगाने उत्तम, चवीला सालस, पण आपण जसा चहा उकळतो तसा तो उकळू लागला की त्याला पेजेचा बुळबुळीतपणा येतो, आणि तापातून उठलेल्या माणसाला तो फारच मानवेल असे वाटते. शेवटी मुक्ता कोरा चहा घेऊ लागली. चहाचे खाते आजतागायत रिकामे आहे.

दह्याची हकीकत याहून रसभरित आहे. भुईमुगाचे दाणे रात्रभर भिजत घालून, सालपटे काढून, वाटून, जुन्या धोतराच्या फडक्यातून पिळून काढले म्हणजे जे दूध निघते ते उकळून कोमट करावयाचे, येथपर्यंत सौ. शांतपणे पाहत होती. परंतु पुढे विरजणाचा प्रश्न उभा राहिला. विरजण हे दह्याचेच, आणि दही हे दुधाचे; म्हणजे नव्या राजवटीचा पहिला हुकूमच जुन्या दरबाराच्या शिक्क्याने निघावयाचा. मुक्ताने हिरव्या मिरच्या घेतल्या, त्यांचे देठ, टोकाला थोडी मिरची राखून, तोडले, आणि ते त्या पांढऱ्या कोमट द्रवात बुडवून वर झाकण ठेवले. सौ.ला राहवेना. "ही दही लावतेस का दृष्ट काढतेस?" मिरचीच्या देठावर दही लावणारे सूक्ष्म जीव वस्ती करून असतात, घरात विरजण नसले म्हणजे पूर्वीच्या बायका असेच देठ दुधात टाकीत, हे मुक्ताने समजावून सांगितले, आणि मौज अशी की ती माहिती सौ.ला तिच्या आजीच्या तोंडून पूर्वी मिळालेलीच होती. फक्त आजीने त्या देठांखाली म्हशीचे दूध ठेवले होते. सकाळी झाकण काढले. दही लागले होते. डावाने काढताना त्याची कवडी पडली नाही, खाली पाणी सुटले होते, आणि वास दह्याचा कमी व शेंगदाण्याच्या कुटाचा अधिक होता. तरी ते आंबट होते, गार होते आणि आपण दही आहो अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्या दह्याची कोशिंबीर जमली नाही, कारण कोशिंबिरीत दह्याला उघड्यावर यावे लागते. कढी मात्र जमली. डाळीचे पीठ, आले, मिरची, कढीलिंब, चिमूटभर साखर आणि वरून तुपाच्या जागी तेलाची हिंग-जिऱ्याची फोडणी, इतका सरंजाम सभोवार असला म्हणजे मध्ये दही कोणत्या कुळातले आहे याची चौकशी करण्यास जिभेला सवड मिळत नाही. त्या दिवशी सहज आलेल्या आमच्या शेजारच्या काकूंनी दोन वाट्या कढी पिऊन, "दही म्हशीचं दिसतंय, दाट आहे" असा अभिप्राय दिला. आम्ही तिघेही गप्प बसलो. अश्वत्थाम्याचा पंथ अद्याप बुडालेला नाही, हे पाहून मला बरे वाटले.

काजूविषयी फार लिहावे असे नाही. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यास आणलेले हे झाड आता आपले झाले आहे, आणि त्याच्या गराची चटणीवजा पेस्ट हॉटेलांतल्या तांबड्या-पिवळ्या रश्शांत सायीचे काम कधीपासून बिनबोभाट करीत आहे. ज्यांना वाटते की आपण आजवर मलईच खात आलो, त्यांची समजूत काढण्याचे मला कारण नाही. भिजवलेल्या काजूंचे श्रीखंडही होते. केशर, वेलदोडा आणि जायफळ यांची साक्ष त्याच्या बाजूने पडते. आंबटपणासाठी लिंबू उभे करावे लागते. आणि काजूंचा आजचा भाव पाहता ते वाटीने वाढण्याऐवजी चमच्याने वाढावे लागते, हाच काय तो फरक.

खरी कसोटी तुपाची. लोणी कढवणे हा आमच्या घरचा एक साप्ताहिक सोहळा आहे. मंद आचेवर लोणी विरघळते, मग तडतडते, मग फेस धरते, मग अचानक शांत होते आणि तळाशी बेरी तांबूस दिसू लागते. त्या नेमक्या क्षणी सौ. विड्याचे पान त्यात सोडते आणि पातेले उतरवते. तो क्षण घड्याळावर धरता येत नाही, कानावर धरावा लागतो. पुढे बेरीत साखर घालून ती पोरांना वाटावयाची, आणि घरात पोरे नसतील तर त्या अधिकारावर मी हक्क सांगावयाचा. मुक्ताने या सोहळ्याला समांतर असा आपला सोहळा मांडला. खोबरेल तेलात पेरूची पाने, कढीलिंबाची पाने आणि चिमूटभर हळद घालून, पाने कुरकुरीत होईपर्यंत तिने ते मंद आचेवर ठेवले आणि गाळून घेतले. रंग तंतोतंत आला. थंडीचे दिवस असल्यामुळे रात्री ते थिजले, आणि सकाळी बरणीत जे दिसले ते इतके रवाळ होते की सौ.नेही झाकण उघडून दोनदा पाहिले. वासाला, खोटे कशाला बोला, ते तुपाच्या गावाला जाऊन आलेले होते. राहावयास तेथले नव्हते. गरम भातावर पडताच प्रथम पेरूच्या पानाचा, मग हळदीचा आणि अखेरीस आंघोळीच्या दिवसाचा असे तीन वास क्रमाने आले. सौ.ने एकच वाक्य बोलून निकाल दिला. "याला बेरी कुठाय?"

यावर मला गप्प राहणे अशक्य झाले. कारण नकली तुपाविरुद्ध बोलण्याचा अधिकार आमच्या पिढीने कधीच गहाण टाकलेला आहे. १९३७ साली डालडा बाजारात आला. तेलाला निकेलच्या साहाय्याने हायड्रोजनचा वायू पाजून घट्ट करावयाचे, रवाळ पोत आणावयाचा आणि ताडाच्या झाडाचे चित्र असलेल्या पिवळ्या डब्यात भरावयाचे, या कृतीत गाय, म्हैस किंवा शेळी कोठेही येत नाही. म्हणजे ज्याला आज मुक्ता आणि तिच्या मैत्रिणी नवा विचार म्हणतात, तो आमच्या लग्नांतून बुंदीच्या लाडवांच्या आणि जिलब्यांच्या रूपाने पंक्तीच्या पंक्तींनी ओरपलेला आहे. रिकामा डबा तर त्याहून कर्तबगार निघाला. त्यात तांदूळ राहिले, तुळशी वाढल्या, आणि पहाटे गावाबाहेर जाणाऱ्या मंडळींच्या हातीही तोच दिसे. वनस्पती तुपाविरुद्ध त्या काळी मोठी ओरड झाली. महात्माजींनी 'हरिजन'मधून टीका केली. त्याला रंग द्यावा म्हणजे भेसळ ओळखता येईल अशी मागणी होऊन रसायनशास्त्रज्ञ रंग शोधीत बसले, पण मनाजोगता रंग काही सापडेना. अखेर सरकारने त्याच्या पोटात हेर बसविला. प्रत्येक वनस्पतीत शेकडा पाच भाग तिळाचे तेल असलेच पाहिजे असा नियम झाला, कारण तिळाचे तेल असलेल्या तुपात हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफुराल घालून हलविले की ते लाजून लाल होते. साजूक तुपात वनस्पती मिसळणाऱ्या दुकानदाराला तिळाने पकडून द्यावे, ही कल्पना ज्या कारकुनाला सुचली असेल त्याला कोठलाही किताब मिळाल्याचे ऐकिवात नाही.

तेव्हा मी सौ.ला म्हणालो, "आपल्या लग्नातली जिलबी आठव." ती म्हणाली, "ती तुमच्याकडच्यांनी आणलेल्या डब्यांतली होती." या विधानानंतर चर्चा पुढे नेणे शहाणपणाचे नव्हते.

दूध सोडणाऱ्या माणसाच्या घरात वकिली कोण करील याचा नेम नसतो. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडले. गाई-म्हशींचे दूध अधिक निघावे म्हणून गवळी फुंक्याचा जो अघोरी प्रकार करतात त्याची हकीकत कळल्यापासून त्यांना दुधाचा तिटकारा आला होता. पुढे १९१८ मध्ये ते हिंदुस्थानात आमांशाने अंथरुणाला खिळले, तेव्हा दुधाच्या बदली त्यांना मुगाचे पाणी, मोहाचे तेल आणि बदामाचे दूध सुचविण्यात आले. त्यांनी इमानाने या सर्व उमेदवारांना कामावर घेऊन पाहिले. एकालाही काम झेपले नाही. माथेरानची हवाही लागू पडली नाही. तेव्हा मुंबईत डॉक्टर दलालांनी दुधाचा आग्रह धरला, आणि कस्तुरबांनी असा मुद्दा काढला की, व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, शेळी नव्हती. हायकोर्टातही हा मुद्दा टिकला असता. स्वतः बॅरिस्टर असलेल्या अशिलाने तो मान्य केला, शेळीचे दूध घेतले, आणि आपण व्रताचे अक्षर पाळून आत्मा गमावला अशी खंत आत्मचरित्रात लिहून ठेवली. मला या प्रकरणात महात्माजींइतकाच आदर कस्तुरबांविषयी वाटतो. घरातल्या माणसाने व्रत घेतले म्हणजे त्याला जिवंत ठेवण्याचे खाते कोणाकडे तरी द्यावेच लागते.

त्या फुंक्यावर १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने बंदी घातली आहे. पण मुक्ताने एका संध्याकाळी जी गोष्ट सांगितली ती मला कायद्याहून अधिक बोचली, आणि तीत ती मुळीच विनोद करीत नव्हती. वासरू दगावले की गाय पान्हा सोडीत नाही. तेव्हा त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे उभे करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. गाय त्याला चाटते आणि पान्हावते. म्हणजे बदली माल खपविण्याचा हा धंदा सोयाबीनपासून सुरू झालेला नाही. गाईला पेंढ्याचे वासरू देऊन जे दूध काढले, त्याच्या जागी कोणी माणसाला शेंगदाण्याचे दूध दिले, तर फसवणुकीची फिर्याद नेमकी कोणी कोणावर करावयाची? सौ. त्या वेळी ताक घुसळीत होती. तिची रवी क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली. पण त्या दिवसापासून 'नकली' हा शब्द आमच्या स्वयंपाकघरात ऐकू आला नाही.

सरकारने मात्र या बाबतीत ठाम भूमिका घेतली आहे. निकोप दुभत्या जनावराच्या आचळातून आले असेल तेच दूध, अशी आपल्या अन्नसुरक्षा खात्याची व्याख्या असून, तिच्या काटेकोरपणापुढे नुकत्या व्यालेल्या म्हशीचा चीकसुद्धा दुधातून खारीज होतो. २०२२ साली त्याच खात्याने व्हीगन पदार्थांसाठी वेगळी नियमावली काढून त्यांना हिरव्या रंगाचे निराळे चिन्हही बहाल केले. युरोपच्या न्यायालयानेही २०१७ साली सोयाबीनच्या पांढऱ्या पाण्याला दूध म्हणण्यास मनाई केली. नारळाचे दूध तेवढे जुन्या वहिवाटीच्या जोरावर सुटले.

ही वहिवाट काय चीज आहे हे पाहावयाचे असेल तर कोकणात जावे. आमच्या मालवणकडच्या आत्या गणपतीच्या सुमारास चार दिवस राहावयास आल्या आणि येताना नारळांचे पोते घेऊन आल्या. पुतणी अमुक खात नाही, तमुक खात नाही, हे सौ.ने त्यांना काळजीच्या सुरात सांगितले. त्यांनी ते कानाआड केले आणि विळीवर नारळ खवावयास बसल्या. खवलेले खोबरे वाटून पहिला दाट रस निराळा काढला, चोथ्यावर पाणी घालून दुसरा पातळ रस निराळा. दाट रसात गूळ आणि वेलदोडा. तांदळाच्या उकडीचे गोळे साच्यात घालून त्यांचे शिरवाळे पाडले आणि त्या रसात बुडवून मुक्ताच्या पुढे ठेवले. दुपारी सोलकढी झाली. कोकमाचा आगळ नारळाच्या रसात पडताच जो गुलाबी रंग आला त्याला कोणाचेही प्रमाणपत्र नको होते. मोदकांचे सारण खोबऱ्या-गुळाचे, वरची उकड तांदळाची. मुक्ता हरखून विचारू लागली, "आत्या, यात दुधाच्या ऐवजी नारळ घालायची आयडिया कुणाची?" आत्यांनी विळीवरून मान वर केली आणि म्हणाल्या, "अगो बाय, हेका दूध कित्याक व्हया?"

सबंध कचेरी त्या एका वाक्यात निकालात निघाली. कोकणातला नारळ कोणाच्या बदलीवर आलेला नाही. तो तेथला मूळ वतनदार आहे. गोव्यातले दोदोल घ्या, काळा गूळ, तांदळाचे पीठ आणि नारळाचा रस तासन्‌तास घोटून केलेले. किंवा हरभऱ्याच्या डाळीचे मणगणे घ्या. त्यांत कोणीही दुधाचे सोंग घेऊन उभे नसते, आणि म्हणून खाणाराही उपमन्यूच्या डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहत नाही. हंगामी कारकुनाची खरी अडचण त्याच्या कामात नसते. तो ज्या खुर्चीवर बसतो ती आधीच्या माणसाच्या बसण्याने झिजलेली असते, ही असते. पेरूच्या पानांचे तेल तूप म्हणून हजर झाले आणि नापास झाले; तेच तेल आत्यांनी घावनांवर सोडले तेव्हा सौ.ने दोन घावन अधिक घेतले.

पुढे मुक्ताने बाणेरला स्वतःचे घर घेतले आणि आईवडिलांच्या समाधानासाठी सत्यनारायण करावयाचे ठरविले. मला चिंता पंचामृताची होती. दूध, दही, तूप, मध आणि साखर. पाचांपैकी चार वर्ज्य! परंतु गुरुजी तरुण होते, त्या बाजूची बरीच घरे त्यांच्याकडे होती, आणि फोनवरच त्यांनी विचारले होते, "व्हीगन करायचंय का साधं?" त्याप्रमाणे नारळाचा रस, शेंगदाण्याचे दही, मुक्ताचे ते सुप्रसिद्ध तूप, मधाच्या जागी काकवी आणि साखर असा पंचायतीचा नवा नेमणूकपट ताम्हनापुढे मांडला गेला. मी मीमांसकांचा प्रतिनिधिविचार काढून पाहिला. गुरुजी दर्भ नीट करीत म्हणाले, "काका, द्रव्याला प्रतिनिधी चालतो. मंत्राला चालत नाही, आणि मंत्र मी म्हणतोय, तो अस्सल आहे."

पयःस्नान निर्विघ्न झाले. दधिस्नानाच्या वेळी शेंगदाण्याचा वास दरवळला, पण बाळकृष्णाच्या चेहऱ्यात फरक पडला नाही. घृतस्नानाला मात्र ते खोबरेल पितळेच्या त्या एवढ्याशा मूर्तीवर असे काही पसरले की, ती गुरुजींच्या चिमटीतून सटकली आणि ताम्हनात ठण्‌कन आपटून, एक गिरकी घेऊन, रांगत्या पवित्र्यातच पंचपात्राच्या कडेशी जाऊन थांबली. मुक्ता कावरीबावरी झाली. गुरुजींनी मूर्ती उचलली, उजेडात धरून पाहिली आणि सही-सलामत आहे अशी खात्री करून घेतली.

"हरकत नाही," ते म्हणाले, "पुढे मांगलिक स्नान आहेच, त्याला तेलच लागतं. निम्मं काम आधीच झालं. काकू, जरा कोमट पाणी द्या."

आतून सौ.ने विचारले, "शिकेकाई आणू का?"

गुरुजींनी क्षणभर पोथीकडे पाहिले आणि म्हणाले, "असली तर आणा."